क्वेबेक, १३ मार्च १९८९ : हळू बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानं पाडलेलं वीजजाळं

१३ मार्च १९८९, पहाटेचे दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात थंडी अजून ओसरली नव्हती. तिथली पुष्कळ घरं विजेवरच गरम होतात, त्यामुळे अशा आडवेळीही हायड्रो-क्वेबेक या प्रांतिक वीज कंपनीवर सुमारे २१,५०० मेगावॉटचा भार होता. त्यातली जवळजवळ साडेनऊ हजार मेगावॉट वीज उत्तरेकडच्या ला ग्रांद नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येत होती आणि ७३५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून हजारेक किलोमीटर प्रवास करून दक्षिणेला मॉन्ट्रियलच्या बाजूला पोचत होती. कुठं तार तुटली नाही, मनोरा पडला नाही, कुणी चुकीचं बटण दाबलं नाही. तरी दीड मिनिटाच्या आसपास सगळं वीजजाळं झोपलं आणि साठ लाख लोक अंधारात गेले. सकाळच्या गर्दीच्या वेळी मॉन्ट्रियलची मेट्रो बंद, शाळा बंद, दोर्व्हाल विमानतळ बंद. नऊ तास उलटल्यावरही १७,५०० मेगावॉट, म्हणजे मूळ भाराच्या सुमारे ८१ टक्केच पुरवठा परत आला होता.

‘सूर्यावरच्या वादळानं कॅनडाची वीज घालवली’ असं या घटनेचं वर्णन सर्रास केलं जातं. ते खोटं नाही, पण त्यात सगळा मधला भाग गाळला जातो. सूर्यानं क्वेबेकमध्ये वीज पाठवली नाही आणि काही जाळलंही नाही. झालं ते इतकंच, की जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदललं, आणि तोही बदल काही मिनिटांत, सावकाश. एवढ्याशा बदलातून प्रवाह कसा निर्माण झाला, आणि निर्माण झालेला तो क्षुल्लक प्रवाह एवढ्या मोठ्या यंत्रणेला का पेलला नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दुसऱ्याचं बरंचसं रिलेच्या, म्हणजे धोका दिसताच उपकरण आपोआप तोडणाऱ्या संरक्षक स्विचच्या, सेटिंगमध्ये आहे.

त्या रात्री काय झालं

१० मार्चला सूर्यावरच्या एका मोठ्या डागसमूहात प्रचंड स्फोट झाला आणि भारित कणांचा ढग पृथ्वीच्या दिशेनं निघाला. पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर त्यानं सुमारे सव्वादोन दिवसांत कापलं आणि क्वेबेकच्या घड्याळानं १२ मार्चच्या रात्री साडेआठच्या सुमारास तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. या वादळातला ध्रुवीय प्रकाश पार फ्लोरिडा आणि क्युबापर्यंत दिसला, यावरून त्याची ताकद लक्षात यावी.

नियंत्रण कक्षात त्या रात्री व्होल्टेज वरखाली होताना दिसतच होतं आणि ते सावरण्याची धडपडही चालू होती. मग पहाटे २:४३ च्या सुमाराला दुसरा झटका आला. ध्रुवीय प्रदेशात जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, लाखो अँपिअरचा एक प्रवाह पूर्व-पश्चिम वाहत असतो. वादळात तो फुगतो आणि दक्षिणेकडे सरकतो. त्या मिनिटाला तो असा काही हलला, की खाली जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला सुमारे ४८० नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जांश) या वेगानं बदलू लागलं.

पुढचा क्रम सेकंदांचा आहे. २:४४:१७ ला शिबुगामो उपकेंद्रातला एक स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप जाळ्यातून सुटला. हे उपकरण लांबलचक वाहिनीवरचं व्होल्टेज जागच्या जागी धरून ठेवतं. यापुढे त्याला एसव्हीसी म्हणू. दोन सेकंदांनी तिथलाच दुसरा गेला. २:४४:४६ पर्यंत अल्बानेल आणि नेमिस्को इथले चार गेले. २:४५:१६ ला ला व्हेरेंद्रीचा सातवा. ५९ सेकंदांत सात. व्होल्टेजला आधार उरला नाही तशी ला ग्रांदकडून येणारी पहिली वाहिनी आठ-नऊ सेकंदांत सुटली, पाठोपाठ बाकीच्या सुटल्या आणि साडेनऊ हजार मेगावॉट एका झटक्यात दक्षिणेपासून तुटले. भार आपोआप कमी करणारी यंत्रणा धावून आली, पण एवढी मोठी तूट भरून काढणं तिच्या आवाक्यात नव्हतं. उरलेली केंद्रंही एकामागून एक पडली.

सुई फक्त बदल ओळखते

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडेनं मऊ लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोर दोन वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडलं, दुसऱ्याची तार एका चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालू होती तोवर सुई ढिम्म. बॅटरी काढली, सुई पुन्हा हलली, या वेळी उलट्या बाजूला. १७ ऑक्टोबरला त्यानं नळीवर गुंडाळलेल्या वेटोळ्यात चुंबक खुपसून आणि बाहेर ओढून हेच दाखवलं, आणि २४ नोव्हेंबरला ते काम रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं.

शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि त्यातून बहुतेकांच्या डोक्यात राहतं ते ‘चुंबकापासून वीज मिळते’ हे वाक्य. चुंबक किती ताकदवान, याच्याशी नियमाला थेट देणंघेणं नाही. वेटोळ्यानं वेढलेल्या क्षेत्रफळातून जाणारा चुंबकीय फ्लक्स दर सेकंदाला किती बदलतो, एवढंच तो विचारतो. बदलाचा दर जितका, तितके व्होल्ट. जगातला सर्वांत शक्तिशाली चुंबक वेटोळ्यात स्वस्थ ठेवून दिला, तर काही मिळणार नाही.

यातून निघणारी दुसरी गोष्ट पुस्तकात असते, पण तिच्यावर कुणी फारसं थांबत नाही. फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ. म्हणजे बदल फार मंद असला, तरी वेटोळं पुरेसं मोठं असेल तर व्होल्टेज मोठं येऊ शकतं. प्रयोगशाळेत एवढं मोठं वेटोळं कुणी बनवत नाही म्हणून हा भाग दुर्लक्षित राहतो. फॅरेडेच्या मनात मात्र तो होता. जानेवारी १८३२ मध्ये त्यानं लंडनच्या वॉटर्लू पुलावर तार टाकून तिची दोन टोकं तांब्याच्या पत्र्यांनी थेम्समध्ये बुडवली होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या नदीच्या पाण्यात व्होल्टेज निर्माण व्हायला हवं, असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण हाती काही लागलं नाही. इतका अशक्त संकेत त्याच्या साधनांना पकडता येण्याजोगा नव्हता.

आता क्वेबेकचं वेटोळं पाहू. वाहिनीच्या दोन्ही टोकांना रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) आहेत, आणि त्यांचा न्यूट्रल बिंदू, म्हणजे तिन्ही फेजची वेटोळी एकत्र येतात ती जागा, जमिनीत अर्थ केलेला आहे. म्हणजे वरून हजार किलोमीटर तार, दोन टोकांना जमिनीत उतरलेल्या दोन जोडण्या, आणि खालून परतीची वाट पृथ्वीच्या पोटातून. हा एक बंद मार्ग झाला, उभा धरलेला आयतच. त्याची लांबी १,००० किलोमीटर. उंची, खरं तर खोली, किती धरायची हे खडकावर अवलंबून आहे आणि त्याकडे पुढे येऊ. तूर्त १०० किलोमीटर धरू.

क्षेत्रफळ एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे १०,००० कोटी चौरस मीटर. मिनिटाला ४८० नॅनोटेस्ला म्हणजे सेकंदाला ८ नॅनोटेस्ला. दोन्हींचा गुणाकार केला की उत्तर येतं ८०० व्होल्ट.

हा आकडा ढोबळ आहे. चुंबकीय बदलाची दिशा आयताला नेमकी काटकोनात असेल तरच तो पुरा लागू पडतो, नाहीतर घटतो. आणि खडक बदलला की खोली बदलते. पण शेकड्यांतले व्होल्ट, किलोमीटरमागे व्होल्टभर, हा अंदाज अशा वादळांना धरून आहे.

शाळेतल्या प्रयोगाशी त्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. शंभर वेढ्यांचं, दहा चौरस सेंटीमीटर आडव्या छेदाचं वेटोळं घेतलं आणि त्यातलं क्षेत्र एक दशांश सेकंदात एक दशांश टेस्लानं बदललं, तर एक दशांश व्होल्ट मिळतो. तिथं क्षेत्र बदलण्याचा दर सेकंदाला एक टेस्ला. क्वेबेकमधला दर त्याच्या साडेबारा कोटी पटींनी कमी. पण वेढे धरून शाळेतल्या वेटोळ्याचं क्षेत्रफळ भरतं एक दशांश चौरस मीटर, आणि क्वेबेकचं त्याच्या एक लाख कोटी पट. क्षेत्रफळानं मंदपणाची भरपाई करून वर आठ हजार पट शिल्लक ठेवली.

खडकाची भानगड

क्वेबेकचा उत्तर भाग ‘कॅनेडियन शील्ड’ या अतिप्राचीन, कठीण खडकावर बसलेला आहे आणि हा खडक विजेला वाईट वाहक आहे. यावरून एक स्पष्टीकरण सगळीकडे फिरतं : जमिनीतून वाट मिळेना म्हणून प्रवाह तारांत शिरला. ऐकायला पटतं, पण त्यामुळे जमिनीत आधीच एक प्रवाह होता आणि तो वाट शोधत होता असा ग्रह होतो. शिवाय परतीची वाट जमिनीतूनच आहे. जमीन मुळीच वाहक नसती, तर मंडळच पूर्ण झालं नसतं.

खडकाची खरी भूमिका आयताची खोली ठरवण्याची आहे. चुंबकीय क्षेत्र बदलू लागलं की जमिनीतही प्रवाह निर्माण होतात, आणि लेंझच्या नियमाप्रमाणे ते त्या बदलाला विरोध करतात. जमीन चांगली वाहक असेल, तर हे प्रवाह पृष्ठभागाजवळच जोरात वाहतात आणि बदल खाली पोचूच देत नाहीत. वाईट वाहक असेल, तर विरोध तोकडा पडतो आणि बदल खोलवर मुरतो. पाच मिनिटांच्या आवर्तनानं होणारा बदल १० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत सत्तावीसेक किलोमीटरपर्यंत शिरतो. १,००० ओहम-मीटरच्या खडकात पावणेतीनशे किलोमीटर. वाहकता शंभर पट कमी, खोली दहा पट जास्त. आयत तितकाच उंच होतो आणि व्होल्ट तितकेच वाढतात.

म्हणून तेच वादळ, तेवढ्याच लांबीची वाहिनी, पण खाली जाड, ओलसर गाळाचा थर असता तर प्रश्न बराच सौम्य झाला असता. क्वेबेकच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या : ध्रुवीय प्रवाहाच्या पट्ट्याजवळचं स्थान, वाईट वाहक खडक आणि निर्मिती केंद्रापासून शहरापर्यंतचं हजार किलोमीटर अंतर. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या, तिसरी माणसाची.

स्थान ध्रुवीय पट्ट्यापासून दूर असलं तरी मोठं वादळ तिथंही जाणवतं, हे १८५९ च्या वादळातून दिसतं. त्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. त्याच वादळात अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या वादळातून निर्माण झालेल्या प्रवाहावर एकमेकांना संदेश पाठवले. फॅरेडेच्या कड्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी तोच नियम शंभरावर किलोमीटरच्या तारेवर चालला. (कुलाब्याची चुंबकीय मोजणी पुढे १९०४ पासून अलिबागला हलवली गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं निर्माण होणारं क्षेत्र मोजणीत मिसळलं असतं.)

आठशे व्होल्टचं एवढं काय?

वाहिनी ७३५ किलोव्होल्टची. तिच्यापुढे आठशे व्होल्ट म्हणजे एक हजारांश. मग बिघडलं कुठं?

पहिली गोष्ट म्हणजे हा बदल इतका मंद आहे, की रोहित्राच्या दृष्टीनं तो जवळपास डीसीच, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह. क्वेबेकची एसी वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते. चुंबकीय वादळाचा एक हेलकावा पुरा होईस्तोवर हजारो आवर्तनं होऊन जातात. एसीला वाहिनी आणि रोहित्र अडवतात ते मुख्यतः त्यांच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, पण मंद प्रवाहाला तो अडथळा नाहीच. त्याला आडवा येतो फक्त तांबं-ॲल्युमिनियमचा साधा रोध. तिन्ही फेज मिळून, वेटोळी आणि अर्थिंग धरून तो चारेक ओहम समजू. आठशे भागिले चार, दोनशे अँपिअर. तीन फेजमध्ये वाटले तर प्रत्येकी सत्तरच्या आसपास.

सत्तर अँपिअरही फार नाहीत. याच वाहिन्या एरवी शेकडो अँपिअर आरामात वाहतात. तारा तापल्या नाहीत, तापणारही नव्हत्या. दुखणं रोहित्राच्या गाभ्यात आहे.

रोहित्र हे फॅरेडेच्या कड्याचंच थोरलं रूप. एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह गाभ्यातला फ्लक्स हलवतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज येतं. डीसी त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही, कारण डीसीनं फ्लक्स बदलत नाही. म्हणजे ज्या नियमानं हा प्रवाह तारेत निर्माण केला, तोच नियम त्याला रोहित्र ओलांडू देत नाही. प्रवाह तारेतून येतो, वेटोळ्यातून फिरतो आणि न्यूट्रलमधून जमिनीत उतरतो. पण जाता जाता गाभ्याला एका बाजूला चुंबकित करून ठेवतो.

दोन भिंतींच्या बरोबर मधे झोपाळा टांगलेला असावा आणि झोका दोन्हीकडे भिंतीच्या वीतभर अलीकडून परतावा, तसा गाभ्यातला फ्लक्स सेकंदाला साठ वेळा झुलतो. लोखंड महाग आणि जड असल्यामुळे गाभा गरजेपेक्षा फार मोठा कुणी करत नाही, त्यामुळे भिंतीपासूनचं अंतर बेताचंच असतं. डीसीनं झोपाळ्याची कडीच थोडी सरकवली, की दर झोक्याला एका बाजूची भिंत लागणार.

भिंत लागणं म्हणजे गाभा संतृप्त होणं. आणखी फ्लक्स घ्यायला लोखंड तयार नसतं, आणि रोहित्र त्या अर्ध्या आवर्तनात जाळ्यातून प्रचंड चुंबकन-प्रवाह ओढू लागतं. मोठ्या रोहित्रात हा प्रवाह एरवी पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या एका टक्क्याहूनही बराच कमी असतो. त्याच्या तुलनेत फेजमागचे सत्तर अँपिअर डीसी म्हणजे कितीतरी पट. म्हणून आठशे व्होल्टची बरोबरी ७३५ किलोव्होल्टशी करायची नाही आणि सत्तर अँपिअरची वाहिनीच्या क्षमतेशीही नाही. गाभ्यात झोक्याला किती जागा उरली होती, तिच्याशी करायची.

यातून एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. रोहित्र रिअॅक्टिव्ह पॉवर (जाळ्यात नुसतीच मागेपुढे ये-जा करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) गिळू लागतं आणि व्होल्टेज खाली येतं. गाभ्यातून बाहेर सांडलेला फ्लक्स टाकीच्या पत्र्यात आणि आतल्या लोखंडी भागांत भोवरा-प्रवाह निर्माण करतो, म्हणजे पुन्हा प्रवर्तनच, आणि ते भाग तापतात. आणि प्रत्येक आवर्तनाचा एकच अर्धा भाग विद्रूप झाल्यानं ६० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारता, विशेषतः १२० हर्ट्झसारख्या सम पटी, म्हणजे हार्मोनिक्स, जाळ्यात पसरतात. निरोगी जाळ्यात सम पटी जवळजवळ नसतातच.

क्वेबेक पडलं ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. एसव्हीसीमध्ये कपॅसिटर असतात, आणि कपॅसिटर वारंवारता वाढेल तसा जास्त प्रवाह घेतो. १२० हर्ट्झच्या दर व्होल्टमागे तो ६० हर्ट्झच्या दुप्पट प्रवाह ओढतो. शिबुगामोच्या रिलेला दिसलं, की कपॅसिटरमध्ये प्रमाणाबाहेर प्रवाह जातोय. त्यानं तत्परतेनं उपकरण सोडवलं. नेमिस्कोनं, अल्बानेलनं, सगळ्यांनी तेच केलं. रोहित्रं व्होल्टेज खाली ओढत होती त्याच मिनिटाला व्होल्टेज उचलून धरणारे सातही हात बाजूला झाले.

दोष कुणाच्या माथी?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग हाच आहे, आणि सूर्याची छायाचित्रं दाखवण्याच्या नादात तोच निसटतो. प्रत्येक रिलेनं त्याला सांगितलेलं काम चोख केलं. ज्या प्रवाहामुळे ते ट्रिप झाले, तो उपकरणाला काही काळ सोसण्याजोगा होता. संरक्षणाच्या मर्यादा मात्र एकेकट्या उपकरणाचा विचार करून घट्ट लावलेल्या होत्या. एकाच कारणामुळे सातही ठिकाणी एकाच मिनिटात ती मर्यादा ओलांडली जाईल, ही शक्यता सेटिंग करताना हिशेबात नव्हती. इंजिनिअर नेहमी धरून चालतो की दोन बिघाड एकदम होणं दुर्मीळ. चुंबकीय वादळ हे गृहीतक मोडतं, कारण ते हजारो किलोमीटरवर एकाच वेळी येतं.

उपकरणांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं जाळं तुटल्यानंतरचं आहे. भार अचानक सुटल्यावर उत्तरेकडच्या केंद्रांवर व्होल्टेज उसळलं आणि त्या अतिव्होल्टेजनं काही रोहित्रं खराब झाली. प्रवर्तित प्रवाहानं थेट इजा झालेलं ठळक उदाहरण क्वेबेकमधलं नाहीच, ते अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुऊर्जा केंद्रातलं आहे. त्याच वादळात तिथल्या एका जनित्र-रोहित्राची वेटोळी सांडलेल्या फ्लक्सच्या उष्णतेनं खराब झाली आणि रोहित्र बदलावं लागलं. तिथं दिवे गेले नाहीत म्हणून त्याची बातमी झाली नाही. पण एवढं मोठं रोहित्र दुकानात तयार मिळत नाही, बनवून घ्यावं लागतं; वीज कंपन्यांना काळजी वाटावी अशी गोष्ट नऊ तासांच्या अंधारापेक्षा ही जास्त आहे.

नंतर काय केलं

हायड्रो-क्वेबेकनं एसव्हीसीच्या संरक्षणाच्या मर्यादा वाढवल्या. खर्चाच्या मानानं हा उपाय किरकोळ, परिणाम मात्र मोठा. दुसरा उपाय भांडवली होता : लांब वाहिन्यांमध्ये सीरिज कपॅसिटर बसवणं. कपॅसिटरमधून एसी जाते, डीसी जात नाही. त्यामुळे वादळातून आलेला मंद प्रवाह तिथंच अडतो. शिवाय लांब वाहिनी विजेच्या दृष्टीनं आखूड झाल्यासारखी वागते आणि जाळ्याची स्थिरता एरवीही सुधारते. एका खर्चात दोन कामं, म्हणूनच तो मंजूर होणं सोपं गेलं असावं. मात्र एका वाहिनीत कपॅसिटर घातला, की प्रवाह न घातलेल्या शेजारच्या वाहिन्यांकडे वळू शकतो. हिशेब सबंध जाळ्याचा करावा लागतो.

न्यूट्रल जमिनीपासून सोडवून टाकला तर आयतच तुटेल, हा विचार कुणालाही सुचेल. पण न्यूट्रलचं अर्थिंग हे शॉर्ट सर्किट ओळखण्यासाठी आणि इन्सुलेशन वाचवण्यासाठी असतं. ते काढणं म्हणजे क्वचित येणाऱ्या दुखण्यासाठी रोजचं कवच उतरवणं. न्यूट्रलमध्ये डीसी अडवणारी, पण बिघाडाच्या वेळी बाजूला होणारी उपकरणं आहेत, ती मोजक्या जागीच बसवली जातात.

अमेरिकेत नियम यायला बराच काळ गेला. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या टीपीएल-००७ या मानकानुसार तिथल्या मोठ्या वीज कंपन्यांना आपलं जाळं अशा वादळात टिकेल का, याचा अभ्यास करावा लागतो. त्यासाठी धरलेलं संदर्भ-मूल्य किलोमीटरला ८ व्होल्ट आहे, म्हणजे वरच्या आपल्या ढोबळ आकड्याच्या दसपट. स्थानिक अक्षांश आणि खडक पाहून ते कमी-जास्त केलं जातं. फेजमागे ७५ अँपिअर किंवा त्याहून जास्त डीसी येऊ शकणाऱ्या रोहित्रांची उष्णतेच्या बाजूनं वेगळी तपासणी करावी लागते.

रिलेचा धडा मात्र सगळीकडे पोचला नव्हता. ३० ऑक्टोबर २००३ च्या वादळात स्वीडनमधल्या माल्मो शहरात सुमारे ५०,००० ग्राहकांची वीज गेली. कारण तिसऱ्या हार्मोनिकला फाजील संवेदनशील असलेला एक रिले. वादळ वेगळं, देश वेगळा, मालिका तीच : क्षेत्र बदललं, प्रवाह आला, गाभा संतृप्त झाला, हार्मोनिक्स उठले, रिले फसला.

इशाऱ्याची सोय आता बरी आहे. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूच्या एल-१ बिंदूवर सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी यानं आहेत. जानेवारी २०२४ पासून भारताचं आदित्य-एल१ही तिथं आहे. कणांचा ढग तिथून पृथ्वीवर यायला त्याच्या वेगानुसार पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. नियंत्रण कक्षाला करण्याजोगं बरंच काही त्यात बसतं : लांब वाहिन्यांवरचा भार उतरवायचा, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या शक्य असेल तर परत सेवेत घ्यायच्या, रिअॅक्टिव्ह पॉवरचा साठा हाताशी ठेवायचा, अत्यावश्यक नसलेलं स्विचिंग थांबवायचं आणि रोहित्रांच्या न्यूट्रलमधल्या डीसी मीटरवर नजर ठेवायची.